मोजे सरांचं एक खोटं

सरांच्या स्मरणार्थ लावायच्या पाटीचा मजकूर तपासायला टेबलताईंकडे आला, त्याला चार दिवस झाले होते. मजकूर तीनच ओळींचा. पहिल्या ओळीत सरांचं नाव, दुसरीत त्यांची सालं आणि तिसरीत ‘आयुष्यात कधीही खोटं न बोललेले आमचे प्रशिक्षक’. कॉलेजात काहीही छापायचं, रंगवायचं किंवा कोरायचं असलं की कागद आधी ग्रंथालयात येई. टेबलताई तिथल्या ग्रंथपाल, आणि त्यांच्या नजरेतून साधी वेलांटीही सुटत नाही असा त्यांचा लौकिक. एरवी त्यांनी तीन मिनिटांत हातावेगळा केला असता असा हा कागद, पण या वेळी तो खणात पडून होता आणि पाटी कोरणाऱ्याचे दोन फोन येऊन गेले होते. पहिल्या दोन ओळींत काहीच चूक नव्हती. तिसरी ओळ खरी नव्हती, आणि हे ठाऊक असलेलं माणूस आता जगात एकच उरलं होतं, ते म्हणजे त्या स्वतः. निदान त्यांची तशी समजूत होती.

रविवारी सकाळी दहाला कॉलेजच्या जिममध्ये, म्हणजे बास्केटबॉलच्या कोर्टवर, शोकसभा होती. त्याआधी मजकुराला हो किंवा नाही म्हणायचं होतं. हो म्हटलं तर सरांच्या नावाखाली कायमचं खोटं कोरलं जाणार, आणि नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागणार. ते सांगायचं म्हणजे एकवीस वर्षं झाकून ठेवलेलं स्वतःचं बिंग फोडायचं. वर निवृत्तीला उरलेली दीड वर्षं. माणसानं गप्प बसावं म्हणून सगळं कसं जमून आलं होतं.

सरांना मुलं मोजे सर म्हणायची. पाठीमागे, अर्थात. रोज सकाळी सहाला सर जिम उघडायचे, बूट दाराशी काढायचे आणि नुसत्या मोज्यांवर सगळं कोर्ट चालून यायचे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग वळून परत, शेतात नांगर फिरवावा तसे. जिथे पाय जरासा सरकेल तिथे ओलं फडकं घेऊन स्वतः बसायचे. शिपाई संकोचून म्हणायचा, ‘सर, मी करतो.’ सर म्हणायचे, ‘तुमचा पाय घसरला तर तुम्ही पडाल. मुलांचा घसरला तर गुडघा जाईल, आणि त्यांच्या आईला तोंड मला दाखवायचंय.’ चौतीस वर्षांत त्या कोर्टवर घसरून कुणाचा गुडघा गेला नाही. सरांचे मोजे मात्र टाचेशी कायम काळेकुट्ट असत, आणि त्यावरून त्यांच्या पत्नीनं त्यांना जन्मभर धारेवर धरलं.

अठरा वर्षांच्या पोरांनाही सर ‘तुम्ही’ म्हणायचे. नव्या मुलांना वाटायचं, आपली चेष्टा चाललीय. पुढे कळायचं की हा माणूस रागावतानाही ‘तुम्ही’च म्हणतो, आणि ते ऐकण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या. एकदा संघातल्या सगळ्यात उंच मुलानं पंचाचं लक्ष नाही असं बघून समोरच्याला कोपर मारलं. पंचाला दिसलं नाही, सरांना दिसलं. सरांनी त्याला लगेच बाहेर बोलावलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि म्हणाले, ‘तुम्ही दमलात. बसा.’ तो पुढचे तीन सामने दमलेलाच राहिला.

म्हणजे सर अगदी देवमाणूस होते असंही नाही. हट्टी होते. तोंडभरून कौतुक करणं त्यांच्या जिवावर यायचं. कुणी अप्रतिम खेळला तर म्हणायचे, ‘चुकला नाहीत.’ सरावाच्या नादात स्वतःच्या मुलीच्या शाळेतला कार्यक्रम दोनदा विसरले, आणि तिसऱ्यांदा आठवणीनं गेले तर दिवस चुकला. हे सगळं टेबलताईंना माहीत होतं, कारण तीस वर्षांतला निम्मा काळ त्यांचा सरांच्या शेजारी गेला होता.

त्याची सुरुवात भांडणानं झाली. टेबलताई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या, ग्रंथालयात हंगामी नोकरीवर. वाचनालयाची भिंत आणि जिमची भिंत एकच, आणि दुपारी दोनपासून भिंतीतून धप्प धप्प सुरू व्हायचं. एक दिवस त्या तणतणत जिममध्ये गेल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बरोबर आहे तुमचं. उद्यापासून तुमची वेळ संपल्यावर सराव घेऊ.’ भांडायला आलेल्या माणसाला कुणी असं एकदम हो म्हटलं की पुढे काय बोलायचं ते सुचत नाही. तेवढ्यात सरांनी विचारलं, ‘पुस्तकांच्या नोंदी तुम्हीच करता ना? अक्षर तुमचंच आहे?’

आठवड्याभरात ताई स्कोअरच्या टेबलावर बसल्या होत्या. पहिला धडा त्या कधी विसरल्या नाहीत. सरांनी एका मुलाला बास्केटवर चेंडू टाकायला सांगितला, स्वतः पंचासारखे उभे राहिले आणि मग विचारलं, ‘पडली का?’

‘हो,’ ताई म्हणाल्या.

‘चुकलात. तुम्हाला ते माहीत नसायला हवं.’

‘म्हणजे? आंधळ्यासारखं बसू?’

‘तुम्ही पंचाच्या हाताकडे बघायचं. त्याची दोन बोटं वर गेली तर दोन, तीन गेली तर तीन. चेंडूकडे हजार माणसं बघत असतात, ताई. त्या हाताकडे बघणारं एकच माणूस असतं. त्यानंही चेंडूकडे बघितलं तर मग झालं.’

आणि ताईंनी ते पाळलं. स्कोअरशीटवर बास्केट झाली की त्या रकान्यात खेळाडूचा नंबर लिहायचा, आणि ती रेषेबाहेरून टाकलेली, म्हणजे तीन गुणांची असेल तर नंबराभोवती गोल करायचा; पाय रेषेला नुसता लागला तरी दोनच गुण. आठ वर्षं त्यांनी असे हजारो नंबर लिहिले आणि सामना चालू असताना एकही बास्केट पडताना पाहिली नाही. घरी त्यांचे मिस्टर विचारायचे, ‘कसा झाला सामना?’ त्या म्हणायच्या, ‘एकाहत्तर-चौसष्ट. बाकी मला काय विचारता?’ मुलांनी त्यांना टेबलताई म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव वर्षभरात प्राचार्यांच्या तोंडीही बसलं.

मग तो अंतिम सामना आला. त्या वर्षीचा कर्णधार म्हणजे कोपऱ्या. कोर्टच्या डाव्या कोपऱ्यातून तीन गुणांची बास्केट टाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून हे नाव. घरची परिस्थिती बेताची, अभ्यासात यथातथा. एका मोठ्या कंपनीच्या संघाचे निवडकर्ते प्रेक्षकांत बसले होते आणि विजेत्या संघाच्या कर्णधाराला नोकरीसकट संघात घेणार हे जवळपास ठरलं होतं. ही गोष्ट सगळ्या कॉलेजला माहीत होती. तो पोरगा फावल्या वेळात वाचनालयात येऊन ताईंना पुस्तकं लावायला मदत करायचा, आणि ताईंचा त्याच्यावर जीव होता.

शेवटची दोन मिनिटं उरली होती. एका गुणानं मागे. चेंडू डाव्या कोपऱ्यात कोपऱ्याच्या हातात गेला, आणि ताईंनी आठ वर्षांत पहिल्यांदा मान वळवली. त्यांना बघायचंच होतं. चेंडू वर गेला, जाळीतून सुळकन खाली आला. काय सुंदर दिसलं ते. ताईंनी हसत कोपऱ्याचा नंबर लिहिला आणि त्याभोवती गोल केला, कारण डाव्या कोपऱ्यातून तो टाकायचा ते तीनचंच. शेजारी बसलेला समोरच्या कॉलेजचा लेखनिक ताईंचंच बघून लिहीत होता. जिममध्ये एवढा गोंगाट होता की गुणफलकावर किती गुण वाढले याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

सामना अडुसष्ट-सदुसष्ट असा जिंकला. मुलांनी कोपऱ्याला खांद्यावर घेतलं. सर मात्र बाकावर बसून आपल्या वहीतल्या खुणा मोजत होते. पेन्सिलीच्या तुकड्यानं ते प्रत्येक सामन्याचे गुण स्वतः मांडत. त्यांनी एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, मग उठून टेबलापाशी आले. पंच स्कोअरशीटवर सही करायला पेन उघडत होता.

‘कोपऱ्यातली ती शेवटची बास्केट,’ सरांनी हळू विचारलं, ‘पंचांनी दोन बोटं दाखवली होती. तुम्ही किती लिहिलीय?’

ताईंनी खाली बघितलं. गोल होता. त्यांनी कागद सरांकडे वळवला.

त्यांना हेही माहीत होतं की महिन्याभरात हंगामी लोकांना कायम करायची यादी निघणार आहे, आणि प्राचार्य आधीच म्हणत होते की ग्रंथालयातली बाई पुस्तकं सोडून शिट्ट्या ऐकत बसते. टेबलावर अशी चूक झाली हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर यादीत नाव येणं सोडाच, पुढच्या वर्षीचं नेमणुकीचं पत्रही मिळालं नसतं. सरांनाही हे माहीत होतं.

सर पंचाकडे वळले. ‘सही थांबवा. आमचा एक गुण जास्त लागलाय. चूक माझी आहे. मी बाकावरून तीन, तीन असं ओरडलो, आणि टेबलानं माझं ऐकलं.’

पंचानं ताईंकडे बघितलं. ‘असं झालं का?’

ताईंनी मान हलवली. होकारार्थी.

गुण बरोबरीत आले, नियमाप्रमाणे पाच मिनिटांचा जादा वेळ झाला. खांद्यावरून खाली उतरलेली मुलं काय खेळणार? चार गुणांनी हरली. निवडकर्ते समोरच्या कर्णधाराशी हात मिळवून गेले. आणि कॉलेजात बातमी पसरली ती अशी की मोजे सरांनी ओरडून गुण लाटायचा प्रयत्न केला आणि मग पकडले जाऊ या भीतीनं कबूल केलं. प्राचार्यांनी त्यांना वर्षभर प्रशिक्षकपदावरून दूर ठेवलं. त्या वर्षभर सर सकाळी सहाला येऊन मोज्यांवर कोर्ट चालायचे, फडकं मारायचे आणि नवा प्रशिक्षक आला की घरी जायचे. कोपऱ्या पुन्हा कधी त्यांच्याशी बोलला नाही. ताई कायम झाल्या.

त्यांनी एकदाच सरांना विचारलं होतं, ‘का केलंत?’ सर फडकं पिळत होते. ‘खोटं बोललो खरा,’ ते म्हणाले, ‘आणि त्याचं मला बरं वाटत नाही. पण ते आता माझ्याकडे राहू द्या. तुम्ही उद्यापासून परत हाताकडे बघायला लागा.’ ताईंनी ते त्यांच्याकडे राहू दिलं. एकवीस वर्षं. सांगायला हवं असं मनात यायचं, आणि दरवेळी सरांनीच नको म्हटलंय ही सबब तयार असायची. पुढे मुलं बदलली, जुनी बातमी विरली, आणि सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असं नव्या मुलांना वाटू लागलं. ते खरंही होतं. एक सोडून.

रविवारी जिम भरून गेलं होतं. ज्यांचे केस गेले असे कितीतरी माजी खेळाडू बूट हातात घेऊन आत येत होते. कोर्टवर रस्त्याचे बूट चालत नाहीत हे त्यांना अजूनही सांगावं लागत नव्हतं. सभेनंतर माजी खेळाडूंचा एक छोटा सामना ठेवला होता, म्हणून टेबल, स्कोअरशीट सगळं मांडलेलं होतं. ताई आपल्या जागेवर बसल्या. दाराशी, भिंतीला टेकून, कोपऱ्या उभा होता. आता त्याचं खिडक्यांना काचा बसवायचं दुकान होतं आणि कपाळ बरंच मागे गेलं होतं. पण तो आला होता.

एकामागून एक माणसं बोलली. प्रत्येकाच्या बोलण्यात ते वाक्य आलंच, सर कधी खोटं बोलले नाहीत. शेवटी सरांच्या पत्नी उठल्या. म्हणाल्या, ‘खोटं बोलत नव्हते कसे? मी केलेलं सगळं छान झालंय असं चाळीस वर्षं म्हणाले.’ सगळे हसले, काहींनी हसता हसता डोळे पुसले. मग सूत्रसंचालकानं विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय का. ताईंच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत.

त्यांना भाषण करता येत नव्हतं. त्यांनी नोंद वाचावी तसं सगळं सांगितलं. मान वळवली, चेंडू बघितला, गोल केला, सरांनी येऊन विचारलं, सर काय म्हणाले, पंचानं काय विचारलं, आपण मान कशी हलवली. ‘सर ओरडले नव्हते,’ त्या म्हणाल्या. ‘ते खोटं बोलले, माझ्यासाठी. आणि मी ते बोलू दिलं. पाटीवरची तिसरी ओळ मी काढून टाकणार आहे. एवढंच.’ त्या खाली बसल्या. सरांच्या पत्नींनी त्यांच्याकडे बघून हलकेच मान हलवली. त्यांना हे आधीच माहीत होतं का, हे विचारायचं धाडस ताईंना तेव्हाही झालं नाही आणि पुढेही नाही.

लोक उठून पांगले तेव्हा कोपऱ्या टेबलापाशी आला. ताईंना वाटलं, हा आता रडेल किंवा ओरडेल. त्यानं खुर्ची ओढली आणि बसला.

‘ताई, ते ओरडले नव्हते हे मला तेव्हाच माहीत होतं.’

‘तुला?’

‘मी बाकाच्या समोरच उभा होतो ना. चार हातांवर. सर ओरडले असते तर मलाच आधी ऐकू आलं असतं.’ तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता, काच मापताना फिरवतात तसं. ‘पायाचा अंगठा रेषेवर होता, हेही माहीत होतं. टाकतानाच कळलं होतं. मला वाटलं, पंचानं तीन दिले तर दिले.’

‘मग एवढी वर्षं तू त्यांच्याशी का बोलला नाहीस?’

‘म्हणूनच तर.’ त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. ‘तुमच्यासाठी ते खोटं बोलले. माझ्यासाठी नुसतं गप्प बसायचं होतं. दोन मिनिटं. पंचाची सही होईपर्यंत. माझी नोकरी होती, घर होतं मागे. तुमच्यावर जास्त माया होती का त्यांची? एवढंच विचारायचं होतं मला. एकवीस वर्षं झाली, विचारलं नाही. आता कुणाला विचारू?’

या प्रश्नाचा विचार ताईंनी कधी केलाच नव्हता; आपल्या अपराधाच्या पुढे दुसऱ्याचंही काही असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

‘माया तुझ्यावर जास्त होती,’ त्या म्हणाल्या. ‘तू यायचा बंद झालास तरी रोज कोर्टवर चालताना ते डाव्या कोपऱ्यात दोनदा पाय फिरवायचे. मी बघितलंय. पण तुझ्यासाठी गप्प बसले असते, तर ते समोरच्या पोरांचं गेलं असतं. त्यांच्यातही कुणीतरी घर मागे ठेवून आलं असेल. माझ्यासाठी खोटं बोलले, त्यात गेलं ते फक्त त्यांचं स्वतःचं.’

कोपऱ्या उठला, त्यानं खुर्ची जागच्या जागी सरकवली आणि पिशवीतून बूट काढले. खेळायचे बूट त्यानं बरोबर आणले होते.

सामना म्हणजे नुसती गंमत होती. पोटं सुटलेली माणसं धापा टाकत पळत होती आणि एकमेकांना जुन्या नावांनी हाका मारत होती. पंच म्हणून सध्याच्या संघाची एक मुलगी उभी होती, शिट्टी मारायला लाजणारी. ताई तिच्या हाताकडे बघत होत्या. शेवटच्या मिनिटाला गुण बरोबरीत होते, हे त्यांना शीटवरून कळत होतं. डावीकडून बुटांचा आवाज आला, मग एकदम सगळे ओरडले. काहीतरी सुंदर घडलं असणार. ताईंनी मान वळवली नाही. मुलीच्या दोन्ही हातांची तीन-तीन बोटं वर गेली. ताईंनी कोपऱ्याचा नंबर लिहिला आणि गोल करायला पेन टेकवलं.

‘पंच,’ डाव्या कोपऱ्यातून आवाज आला, धाप लागलेला. ‘पाय रेषेवर होता.’

मुलगी गोंधळली. ‘काका, मला तर बाहेर दिसला.’

‘रेषेवर होता, बाळा. मला माहीत आहे. दोन दे.’

मुलीचे हात खाली आले. मग एक हात वर गेला, दोन बोटं. ताईंनी पेन उचललं आणि नंबर तसाच राहू दिला, गोल न करता.